‘आय ॲम फायर्ड’ : १९९७ चे कोरियन अर्थसंकट आणि इंग्रजी शिकवायला आलेले परदेशी

१/ कोरियन मालिका पाहणाऱ्यांना ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ आठवत असेल. १९९८ साल आहे. नायिकेच्या शाळेतील तलवारबाजीचा संघ बंद केला जातो आणि कारण म्हणून एकच शब्द उच्चारला जातो : आयएमएफ. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हे इंग्रजी आद्याक्षरी नाव. कोरियात मात्र ते एका संस्थेचे नाव न राहता एका कालखंडाचे नाव झाले. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात’ म्हणतात, तसे तिथे आजही ‘आयएमएफच्या वेळी’ असे म्हटले जाते.

२/ त्या दिवसांत सोलमध्ये एक कडवट विनोद फिरत होता. आयएमएफ म्हणजे ‘आय ॲम फायर्ड’. माझी नोकरी गेली. हा विनोद समजण्यासाठी थोडे इंग्रजी यावे लागते, आणि तो सर्वांना समजत होता. ते इंग्रजी शिकवण्यासाठी आलेले हजारो परदेशी तरुणही त्या हिवाळ्यात कोरियातच होते. आजचा धागा त्यांच्याविषयी आहे.

३/ राष्ट्रीय संकटाच्या इतिहासात या माणसांना सहसा स्थान मिळत नाही. बँका, उद्योगसमूह, मंत्री, कामगार संघटना यांच्यावर ग्रंथ लिहिले जातात. भाषेच्या शिकवणीत संवाद शिकवणारा तेवीस-चोवीस वर्षांचा परदेशी तळटीपेतही येत नाही. तरीही त्याच्या पगाराच्या पाकिटाकडे नीट पाहिले, तर कोरियाचे संपूर्ण संकट लहान आकारात त्यात दिसते. ते कसे, हे क्रमाने पाहू.

४/ आधी पार्श्वभूमी. १९९४-९५ पासून अध्यक्ष किम योंग-साम यांनी ‘सेग्येह्वा’ म्हणजे जागतिकीकरण हे सरकारचे घोषवाक्य केले. डिसेंबर १९९६ मध्ये कोरिया ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेचा सदस्य झाला. मार्च १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेत इंग्रजी हा विषय आला. सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमण्याची ‘एपिक’ ही योजना १९९५ मध्येच सुरू झाली होती. मध्यमवर्गीय पालकांना यातून एकच अर्थ कळला : पुढचे जग इंग्रजीचे आहे.

५/ ही भूक भागवत होती ती ‘हागवॉन’ नावाची संस्था. हागवॉन म्हणजे आपल्याकडचा खासगी क्लास. एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या, दारावर मोठी पाटी, दरमहा शुल्क. पहाटे कार्यालयात जाण्यापूर्वी नोकरदार येत, दुपारनंतर मुले येत आणि रात्री पुन्हा प्रौढ येत. व्याकरण बहुधा कोरियन शिक्षक शिकवी. संभाषणासाठी परदेशी चेहरा लागे. तो चेहरा हीच क्लासची खरी जाहिरात असे.

६/ हे परदेशी येत कोठून? संभाषण-शिक्षकाचा ई-२ नावाचा व्हिसा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा मोजक्या देशांच्या नागरिकांना, पदवी असल्यास, मिळत असे. अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक नव्हते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी कॅनडात मंदी होती, पदवीधरांना मनाजोगे काम मिळत नव्हते आणि अनेकांच्या डोक्यावर शिक्षणकर्ज होते. वर्षभर कोरियात शिकवावे, कर्ज फेडावे आणि उरलेल्या पैशात आशिया पाहावा, असा हिशेब करून अनेक जण येत.

७/ कराराची सर्वसाधारण चौकट ठरलेली होती. एक वर्षाची मुदत, वॉनमध्ये मासिक पगार, मालकाने दिलेले घर, येण्याजाण्याचे विमानभाडे आणि वर्ष पूर्ण झाल्यावर कोरियन श्रमकायद्यानुसार एक महिन्याच्या पगाराएवढी निवृत्तिरक्कम. कागदावर हा सौदा उत्तम होता. घरभाडे नाही, खर्च थोडा, बचत भरपूर. त्यात एक शब्द मात्र फारसे कोणी अधोरेखित केला नसेल : ‘वॉनमध्ये’.

८/ या चौकटीला दोन दोर बांधलेले होते. पहिला दोर व्हिसाचा. तो शिक्षकाला नव्हे, तर शिक्षक आणि मालक या जोडीला मिळे. मालक बदलायचा तर जुन्या मालकाचे मुक्ततापत्र लागे. दुसरा दोर खासगी शिकवण्यांचा. चुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने १९८० मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल झाली, तरी परदेशी शिक्षकाने एखाद्याच्या घरी जाऊन शिकवणे बेकायदाच होते. पकडला गेला तर दंड आणि देशाबाहेर रवानगी.

९/ आता १९९७. जानेवारीत हान्बो हा पोलादसमूह कर्जाखाली कोसळला. जुलैमध्ये थायलंडने बाथ मोकळा सोडला आणि आग्नेय आशियातील चलने घसरू लागली. त्याच महिन्यात किआ हा कोरियन मोटारनिर्माता संकटात सापडला. कोरियाचे अधिकारी म्हणत राहिले की आपला पाया मजबूत आहे. निर्यात, औद्योगिक उत्पादन, बचतीचा दर हे आकडे खरोखर वाईट नव्हते. दुखणे दुसरीकडेच होते.

१०/ कोरियातील बँका, विशेषतः नव्वदच्या दशकात मोठ्या संख्येने निघालेल्या मर्चंट बँका, परदेशातून डॉलरमध्ये अल्पमुदतीचे कर्ज घेत आणि देशातील उद्योगसमूहांना दीर्घ मुदतीने देत. कर्ज डॉलरमध्ये, कमाई बरीचशी वॉनमध्ये. देणे काही महिन्यांत, येणे काही वर्षांत. जोवर परदेशी बँका मुदत वाढवून देत होत्या तोवर हे चालले. १९९७ च्या शरदात त्यांनी हात आखडता घेतला आणि देणे एकदम दाराशी उभे राहिले.

११/ २१ नोव्हेंबरला सरकारने नाणेनिधीकडे मदत मागत असल्याचे जाहीर केले. ३ डिसेंबरला सोलमध्ये करार झाला. नाणेनिधीचे २,१०० कोटी डॉलर आणि इतर संस्था व देश मिळून एकूण मदत सुमारे ५,७०० कोटी डॉलरची होती. त्याच महिन्यात १४ मर्चंट बँकांचे व्यवहार स्थगित झाले. १८ डिसेंबरला किम दे-जुंग अध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा देशाची वापरता येण्याजोगी परकीय गंगाजळी ४०० कोटी डॉलरच्या आसपास उरली होती.

१२/ वर्षाच्या आरंभी एका डॉलरला सुमारे ८५० वॉन पडत. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात हा दर २,००० च्या उंबरठ्यावर गेला. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शिक्षकाचा पगार १३ लाख वॉन आणि मायदेशातील कर्जाचा हप्ता ३०० डॉलर. जुन्या दराने हप्त्याला २,५५,००० वॉन लागत, म्हणजे पगाराचा एक पंचमांश. १,९५० च्या दराने ५,८५,००० वॉन, म्हणजे जवळजवळ निम्मा पगार. पगार एका वॉनानेही कमी झालेला नाही. तो डॉलरमध्ये मात्र १,५३० वरून ६७० पर्यंत आला आहे.

१३/ आता पोस्ट १० आणि पोस्ट १२ शेजारी ठेवून पाहा. कर्ज डॉलरमध्ये, कमाई वॉनमध्ये. मर्चंट बँकेचा जो रोग, तोच या शिक्षकाचाही. दोघांनीही वॉनचा दर आहे तसाच राहील, असे गृहीत धरले होते. दोघांनीही हे गृहीतक कोठे लिहून ठेवले नव्हते, कारण ते गृहीतक आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. इतक्या वर्षांत जे हलले नाही ते जमिनीसारखे पक्के वाटू लागते.

१४/ पुढचा भाग मात्र दोघांसाठी सारखा नव्हता. डिसेंबरच्या अखेरीस अमेरिकी सरकारने मोठ्या बँकांना कर्जाची मुदत वाढवण्यास राजी केले. जानेवारी १९९८ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये सुमारे २,४०० कोटी डॉलरच्या अल्पमुदतीच्या कर्जाला मुदतवाढ देण्याचे ठरले आणि त्यामागे कोरियन सरकारची हमी उभी राहिली. शिक्षकाच्या हप्त्यासाठी अशी बैठक कोणी बोलावली नाही. मोठ्या कर्जदाराशी वाटाघाट होते, लहान कर्जदाराला स्मरणपत्र येते.

१५/ आता त्याच इमारतीत मालकाच्या खोलीत जाऊ. परदेशी शिक्षकांच्या आठवणींत हागवॉनचा मालक अनेकदा खलनायक असतो. पण तो बहुधा कर्ज काढून धंदा थाटलेला लहान माणूस होता. नाणेनिधीच्या अटींमुळे अल्पमुदतीचे व्याजदर २५ ते ३० टक्क्यांपर्यंत चढले. बँका नवे कर्ज देईनात. पहाटेच्या वर्गातले नोकरदार येईनासे झाले, कारण त्यांच्या कंपन्याच बुडत होत्या. १९९८ या एका वर्षात कोरियात २२ हजारांहून अधिक उद्योग-व्यवसायांनी दिवाळे काढले.

१६/ मुलांचे वर्गही ओसरले. डिसेंबर-जानेवारी ही शाळेच्या हिवाळी सुट्टीमुळे हागवॉनसाठी कमाईची वेळ असते. संकट नेमके तेव्हाच आले. घरखर्चाला कात्री लावताना क्लासचे शुल्क आधी डोळ्यांपुढे येते. त्यात परदेशी शिक्षकाचे परतीचे विमानभाडे वॉनमध्ये महागले होते. ज्या करारावर मालकाने वसंत ऋतूत निर्धास्तपणे शिक्का मारला होता, तोच हिवाळ्यात त्याला जड जाऊ लागला.

१७/ घराचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. कोरियात ‘चॉन्से’ नावाची पद्धत आहे. मासिक भाड्याऐवजी भाडेकरू घरमालकाला मोठी अनामत रक्कम देतो आणि घर सोडताना ती पूर्ण परत घेतो. हागवॉनमालक अनेकदा असे घर घेऊन शिक्षकांना ठेवत. १९९८ मध्ये चॉन्सेचे दर कोसळले आणि जुन्या भाडेकरूची मोठी अनामत परत करायला घरमालकांकडे पैसेच उरले नाहीत. एका साखळीत सर्व जण अडकले : घरमालक, क्लासमालक आणि वर झोपलेला शिक्षक.

१८/ अशा वेळी करार कागदावर राहतो आणि व्यवहार बदलतो. पगार आधी आठवडाभर लांबे, मग महिनाभर, मग अर्धाच मिळे. निवृत्तिरक्कम आणि विमानभाडे चुकवण्यासाठी अकराव्या महिन्यात शिक्षकाला काढून टाकण्याची युक्ती जुनीच होती. तंगीच्या काळात तिचा मोह वाढणे साहजिक होते. दुसऱ्या बाजूला शिक्षकांच्या बोलीत ‘मिडनाइट रन’ असा शब्द होता : पगार हातात पडला की कोणालाही न सांगता रात्रीतून विमानतळ गाठायचा.

१९/ या पलायनाकडे आपण साहस म्हणून पाहू शकतो, किंवा लबाडी म्हणून. खरे तर दोन्ही शब्द अपुरे आहेत. थकलेला पगार मिळवण्यासाठी श्रम कार्यालयात दाद मागता येत असे. पण तक्रार कोरियन भाषेत, प्रकरण काही महिने चालणार आणि तोवर व्हिसा त्याच मालकाच्या नावावर. मुक्ततापत्र देणारा आणि पगार बुडवणारा माणूस एकच असेल, तर कायद्याने दिलेला हक्क वापरणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून पाय मोकळे असणारे पळाले.

२०/ जे थांबले त्यांतील काही जण खासगी शिकवण्यांकडे वळले. एखाद्या गृहसंकुलात चार मुलांना गोळा करून शिकवायचे आणि रोख पैसे घ्यायचे. व्हिसाच्या दृष्टीने हा गुन्हा होता; घरच्या बँकेच्या दृष्टीने मात्र तो वेळेवर भरलेला हप्ता होता. शिकवण्यांवरील ती जुनी बंदी २७ एप्रिल २००० रोजी कोरियाच्या घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. ई-२ व्हिसाचा दोर मात्र तसाच राहिला.

२१/ थांबणे नेहमीच तोट्याचे ठरले असे नाही. १९९८ च्या अखेरीस डॉलरचा दर १,२०० वॉनच्या आसपास उतरला. म्हणजे आपल्या उदाहरणातील पगार पुन्हा सुमारे १,०८० डॉलरचा झाला. दर २,००० जवळ असताना घाबरून सगळी बचत डॉलरमध्ये बदलणाऱ्याने नुकसान कायमचे करून घेतले. ज्याच्यावर कर्जाची टाच नव्हती आणि ज्याने वॉन बँकेत चढ्या व्याजाने ठेवले, तो बराच सावरला. धीर धरणे ही ज्याला परवडते त्याचीच गोष्ट असते, हेही यातून दिसते.

२२/ आणि या सर्वांच्या भोवती एक देश हलत होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या करारानंतर कामगारकपातीला कायद्याने वाट मिळाली. १९९७ मध्ये २.६ टक्के असलेली बेरोजगारी १९९८ मध्ये सुमारे ७ टक्क्यांवर गेली. नोकरी गेल्याचे घरी सांगता येत नाही, म्हणून सकाळी सूट घालून निघायचे आणि दिवस डोंगरावर काढायचा, अशा पुरुषांची चित्रे वर्तमानपत्रांत आली. सोल रेल्वे स्थानकावर बेघरांची गर्दी वाढली.

२३/ जानेवारी १९९८ मध्ये सोने गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टनांच्या आसपास सोने दिले. लग्नाच्या अंगठ्या आल्या. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आप्तांनी दिलेल्या बारीक सोन्याच्या अंगठ्याही आल्या. यातील बरेचसे दान नव्हते, सोन्याच्या बदल्यात वॉन मिळणार होते. तरी घरातले सोने बाहेर काढणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. १९९१ मध्ये आपल्याकडे मुंबईतून परदेशी गेलेले सुमारे ४७ टन सोने रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतले होते. कोरियात ते लोकांच्या कपाटांतून निघाले.

२४/ त्याच सुमारास विमानतळावर उलट दिशेचा प्रवासही चालू होता. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे शिकणारे कोरियन विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून परतत होते, कारण पालकांनी वॉनमध्ये कमावलेल्या पैशातून डॉलरमधले शुल्क भरणे अशक्य झाले होते. परदेशी जाणाऱ्या कोरियनांची संख्या १९९७ मधील सुमारे ४५ लाखांवरून १९९८ मध्ये सुमारे ३० लाखांवर आली. इंग्रजी शिकवणारा निघाला होता आणि इंग्रजी शिकायला गेलेला परत येत होता. दोघांनाही एकाच विनिमयदराने हलवले होते.

२५/ येथे एक फरक विसरता कामा नये. परदेशी शिक्षकाच्या खिशात त्याची खरी गंगाजळी होती : त्याचा पासपोर्ट. तो निघाला की त्याच्यापुरते संकट संपे. शेजारच्या खोलीत व्याकरण शिकवणाऱ्या कोरियन शिक्षिकेचाही पगार थकलेला असे. तिच्यासाठी मिडनाइट रन नव्हती. नेपाळ, बांगलादेश, इंडोनेशिया येथून ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली आलेले कारखान्यांतले मजूर तर आणखी खालच्या पायरीवर होते. स्वेच्छेने देश सोडणाऱ्या विनापरवाना कामगारांना दंड माफ करण्यात आला आणि १९९८ मध्ये त्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली.

२६/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे साधनांविषयी थोडे बोलावेसे वाटते. या काळातील परदेशी शिक्षकांची कैफियत आपल्याला सहज वाचता येते, कारण ती इंग्रजीत आहे. क्लासमालकाची बाजू कोरियनमध्ये आहे. मजुराची बाजू नेपाळीत किंवा बंगालीत, तीही लिहिली गेली असेल तर. जो जास्त ऐकू येतो त्याने जास्त सोसले, असे मानण्याची चूक साधनांच्या भाषेमुळे नकळत होते. या धाग्यातही शिक्षकच मध्यभागी आहे; म्हणून ही सूचना मलाही लागू आहे.

२७/ संकटानंतर काय झाले? इंग्रजीचा बाजार बसेल असे कोणालाही वाटले असते. एपिकची भरती घटली, अनेक हागवॉन बंद पडले. पण दोन-तीन वर्षांत चित्र उलटले. आजन्म नोकरीची हमी संपली होती, कंपन्या उमेदवारांकडे टोइक परीक्षेचे गुण मागत होत्या आणि इंग्रजी हा शौक न राहता विमा झाला. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या शालेय मुलांची वार्षिक संख्या १९९८ मध्ये सुमारे दीड हजार होती. २००६ मध्ये ती २९ हजारांवर गेली. ऑगस्ट २००१ मध्ये कोरियाने नाणेनिधीचे कर्ज मुदतीआधी फेडले. इंग्रजीवरचा खर्च मात्र वाढतच राहिला.

२८/ २००८ च्या जागतिक संकटात वॉन पुन्हा कोसळला : वर्षारंभी डॉलरला ९५० च्या आत, नोव्हेंबरात १,५०० च्या आसपास. गणित तेच, परिणाम मात्र निराळा. कारण या वेळी शिक्षकांच्या मायदेशांतच मंदी होती. परतून जाण्यासारखे काही नव्हते. २०१० च्या सुमारास ई-२ व्हिसावरील शिक्षकांची संख्या २० हजारांच्या पुढे होती. १९९७ मध्ये पळून जाण्याचा मार्ग उघडा होता, तो कोरियामुळे नव्हे. बाहेरचे जग सुस्थितीत होते म्हणून.

२९/ भारताशी या कथेचा एक धागा जुळतो, तोही उशिरा. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यात अर्हताप्राप्त भारतीयांना कोरियन शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करण्याची तरतूद आली. संकटाच्या काळात पदवी, अनुभव आणि अस्खलित इंग्रजी असलेल्या भारतीय शिक्षकाला ही दारे बंद होती, तर कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या पदवीधराला योग्य पासपोर्टवर ती उघडी होती. त्या बाजारात भाषेपेक्षा नागरिकत्वाला अधिक भाव होता.

३०/ हे सारे आज का वाचावे? हा धागा वाचणाऱ्यांपैकी कित्येक जण परदेशी शिक्षणाचा विचार करत असतील. काहींनी कर्जाचे अर्जही भरले असतील. कर्ज रुपयांत, शुल्क डॉलरमध्ये, आणि पुढची कमाई कोणत्या चलनात होईल हे अद्याप अनिश्चित. सोलमधल्या त्या शिक्षकाने करारात पगाराचा आकडा पाहिला होता, घराची सोय पाहिली होती, तिकीटही पाहिले होते. दर बदलला तर त्याचा भार कोणावर पडेल, हे त्यात लिहिलेले नव्हते. म्हणून तो भार त्याच्यावर पडला. आपापले कागद एकदा या नजरेने वाचून पाहा. आणि घरात कोणी १९९१ च्या किंवा १९९७ च्या काळात परदेशी नोकरी केली असेल, तर त्यांना विचारा : पगार कशात मिळत होता, आणि घरी किती पोहोचत होता? उत्तरे खाली लिहिलीत तर पुढचा धागा त्यांवरच बांधू.